कलिंगविजय आणि अशोकाची कबुली

राज्याभिषेकास आठ वर्षे झाली असता, म्हणजे इ. स. पू. २६१ च्या सुमारास, सम्राट अशोकाने कलिंग जिंकला. जेते राजे आपल्या पराक्रमाची प्रशस्ती कोरवितात. अशोकाने मात्र आपला अपराध कोरविला. दीड लक्ष माणसे बंदी करून नेली, एक लक्ष ठार झाली आणि त्याच्या कितीतरी पट मरण पावली, हा हिशेब त्याच्याच तेराव्या शिलालेखात आहे. सोबत पश्चात्तापही आहे.

ही श्रद्धा एका दिवसात दृढ झाली नाही. आपण अडीच वर्षांहून अधिक काळ उपासक आहोत, परंतु एक वर्ष आपल्याकडून पुरेसा उद्यम झाला नाही. संघाच्या सान्निध्यात गेल्यावरच तो वाढला, असे ब्रह्मगिरीच्या लघुशिलालेखात तो सांगतो. सम्राटाने आपली उणीव प्रजेसमोर मांडावी, हीच त्याची विनम्रता होय.

अर्थात त्याने कलिंग परत केला नाही. तेराव्या लेखातच अरण्यवासी जमातींना आपल्या सामर्थ्याची जाणीवही दिली आहे. कलिंगातील धौली व जौगड येथे तेरावा लेख आढळत नाही. तेथील स्वतंत्र लेखांत मात्र सर्व माणसे आपली अपत्ये आहेत असे सांगून, कोणासही अकारण बंदिवास घडू नये, अशी अधिकाऱ्यांना ताकीद आहे. पश्चात्ताप येथे राज्यकारभाराचा नियम झाला.

अशोक विजयादशमीस, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. त्या दिवशी अशोकाचे स्मरण करताना चळवळीच्या कार्यकर्त्याने स्वतःस एवढेच विचारावे: माझी चूक मी लपविली, की समाजासमोर मांडली?