कचरा डेपो बंद झाला, पण जागा मोकळी झाली का? जुन्या डेपोवर बांधकाम आणि अमेरिकेतला ‘स्वेच्छा सफाई करार’

तालुक्याच्या गावाबाहेर नगरपंचायतीचा कचरा डेपो असतो. कधीतरी तो भरतो, घंटागाड्या दुसरीकडे जायला लागतात, वर चार-सहा हायवा मुरूम पडतो आणि दोन पावसाळ्यांत गवत उगवतं. मग ती जागा सगळ्यांना मोकळी दिसायला लागते. कुणी म्हणतं आठवडी बाजार भरवू, कुणी म्हणतं मुलांना मैदान करू. शेजारच्या गटात प्लॉटिंगचा बोर्डही लागतो.

अशा जागेवर काही उभारता येतं का? येतं, जगात ठिकठिकाणी उभारलंय. पण आधी खालचं तपासावं लागतं, आणि पुढची जबाबदारी कुणाची हे कागदावर यावं लागतं. अमेरिकेतल्या राज्यांनी यासाठी एक करार काढला आहे. त्याला आपण स्वेच्छा सफाई करार म्हणू.

मुरमाखाली काय चालू असतं

गोबरगॅसची टाकी ज्यांच्या घरी आहे त्यांना हे लगेच कळेल. हवा न मिळता ओला कचरा कुजला की मिथेन तयार होतो. डेपोला कुलूप लागलं म्हणून तो थांबत नाही, पुढं कित्येक वर्षं निघत राहतो. हवेत मिथेनचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ठिणगीने स्फोट होतो. उघड्यावर तो उडून जातो, बंद खोलीत साठतो.

इंग्लंडमध्ये डर्बीशायर भागात लॉस्को नावाचं गाव आहे. २४ मार्च १९८६ ला सकाळी तिथलं एक राहतं घर स्फोटात जमीनदोस्त झालं, तिघं जखमी झाले. घर डेपोवर नव्हतं, जवळ होतं. डेपोत कचरा टाकणंही तेव्हा थांबलेलं होतं. गॅस खडकाच्या भेगांतून घराखाली आला होता आणि त्या रात्री हवेचा दाब एकदम उतरल्याने जमिनीतून जोरात बाहेर पडला. म्हणजे प्लॉट डेपोच्या हद्दीबाहेर आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

दुसरी गोष्ट काळ्या पाण्याची. पाऊस कचऱ्यातून झिरपतो आणि सगळं विरघळवून खाली नेतो. याला लिचेट म्हणतात. ते उताराच्या बाजूच्या विहिरीत उतरतं. तिसरं, कचरा बसतो, आणि सगळीकडे सारखा बसत नाही. त्यामुळे भिंतीला तडा जातो, पाइप तुटतात, फरशी एका अंगाला कलते.

हा करार आला कुठून

न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल म्हणून एक अर्धवट खणलेला कालवा होता. १९४२ ते १९५३ या काळात एका केमिकल कंपनीने त्यात आपला कचरा पुरला आणि १९५३ साली ती जमीन शाळा मंडळाला फक्त १ डॉलरला दिली. खरेदीखतात खाली केमिकल असल्याचा उल्लेखही होता. तरी शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली. पुढं तळघरांत केमिकल पाझरायला लागलं. १९७८ मध्ये तिथं आणीबाणी जाहीर करावी लागली आणि शेकडो कुटुंबं हलवली गेली. तो साध्या गावकचऱ्याचा डेपो नव्हता, पण त्यावरून १९८० चा ‘सुपरफंड’ कायदा आला.

या कायद्याने घाण करणाऱ्याबरोबर जमिनीच्या मालकालाही धरलं. कायदा कडक होता, पण त्यातून एक उलटाच पेच पडला. जुनी दूषित जमीन विकत घ्यायला कुणी तयार होईना. दुसऱ्याने केलेल्या घाणीचा खर्च आपल्या गळ्यात कोण घेणार? जागा तशाच पडून राहिल्या, झिरपतही राहिल्या. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून एकेक राज्य मग स्वेच्छा सफाईच्या योजना काढत गेलं. २००२ मध्ये केंद्राच्या कायद्यानेही खरेदीआधी रीतसर चौकशी करणाऱ्या प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण दिलं.

करारात असतं काय

राज्याराज्यांत फरक आहे, पण गाभा सारखाच. जागा वापरू इच्छिणारा माणूस, कंपनी किंवा नगरपालिका स्वतःहून राज्याच्या पर्यावरण खात्याकडे जाते. जागेचा जुना इतिहास, तिथं काय टाकलं, कधी टाकलं, जी माहिती असेल ती समोर ठेवते. माती, पाणी आणि गॅसची तपासणी कशी करायची याचा आराखडा खातं मंजूर करतं. खात्याचे अधिकारी देखरेख करतात आणि त्या देखरेखीचा खर्चही साधारणपणे करार करणाराच भरतो. बऱ्याच राज्यांत शेजाऱ्यांना नोटीस देऊन त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं. कॅलिफोर्नियात कुठलाही पक्ष ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन करारातून बाहेर पडू शकतो, म्हणून नावात स्वेच्छा.

बदल्यात काय मिळतं? काम पूर्ण झाल्यावर दाखला. आपण न केलेल्या जुन्या घाणीसाठी राज्य आपल्यामागे लागणार नाही, अशी लेखी हमी. पण माहिती लपवली किंवा अटी मोडल्या तर हमी जाते.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम वेगळंच वाटतं. डेपोतला सगळा कचरा बहुतेक वेळा उचलला जात नाही, झाकून तिथंच ठेवतात. म्हणून जमिनीवर कायमचं बंधन नोंदवतात. इथं बोअर घ्यायची नाही, तळघर खणायचं नाही, झाकण फोडायचं नाही, कुठं कुठं राहती घरंही नाहीत. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढतो ना, तसंच. जमीन दहा हात फिरली तरी बंधन जमिनीबरोबर जातं. लव्ह कॅनॉलच्या खरेदीखतात उल्लेख होता, पण तो पाळायला लावणारं कुणी नव्हतं.

प्रत्यक्ष कामात वर घट्ट मातीचा थर किंवा प्लास्टिकचं आच्छादन येतं. शेततळ्याचा कागद असतो त्याचाच जाडजूड भाऊ, फक्त इथं तो पाणी आत जाऊ नये म्हणून. पाणी वाहून जायला उतार देतात, गॅस काढायला पाइप टाकतात. इमारत असेल तर फरशीखाली गॅस अडवणारा थर, हवा जायला वाट आणि आत मिथेन ओळखणारं यंत्र. न्यूजर्सीत एलिझाबेथ शहरातला मोठा मॉल १९९९ साली जुन्या डेपोच्याच जागेवर उघडला. गोदाम, पार्किंग, सोलर प्रकल्प यांना अशी जागा घरांपेक्षा जास्त मानवते.

आपल्याकडे

असा करार आपल्याकडच्या कचरा डेपोंना लागू नाही, पण नियम नाहीत असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी भराव बंद करताना ६० सेंमी चिकणमातीचा थर, त्यावर १५ सेंमी निचऱ्याचा आणि त्यावर ४५ सेंमी झाडोऱ्याचा थर सांगितला. बंद झाल्यावर किमान १५ वर्षं देखरेख. त्यानंतरही वस्तीचा विचार गॅस आणि लिचेटच्या तपासण्या नीट आल्या आणि जमीन स्थिर ठरली तरच. चार हायवा मुरूम यात कुठं बसतो ते तुम्हीच बघा.

बोरिवलीजवळ गोराईला मुंबई महापालिकेचा सुमारे २० हेक्टरचा डेपो १९७२ पासून चालू होता. २००७ मध्ये तो बंद करून आच्छादन घातलं, गॅस गोळा करायची सोय केली. मालाडला मात्र जुन्या डंपिंग ग्राउंडवर ऑफिसं उभी राहिली आणि खालून येणाऱ्या वायूंनी कॉम्प्युटर, एसी खराब होत असल्याच्या तक्रारी आल्या.

आता बऱ्याच ठिकाणी बायोमायनिंग चालू आहे. म्हणजे जुना कचरा उकरून, चाळून माती, प्लास्टिक आणि दगड वेगळे करणं. जागा खरोखर रिकामी करायचा हा मार्ग आहे. पण चाळलेली माती फुकट मिळते म्हणून ट्रॉलीने रानात ओढू नका. तिच्यात काचेचे तुकडे आणि जड धातू असू शकतात, आधी तपासणीचा अहवाल मागा.

डेपोशेजारी प्लॉट घेत असाल किंवा गावाने ती जागा वापरायची ठरवली असेल, तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून नगरपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. डेपो कोणत्या साली बंद झाला, बंद करण्याचा आराखडा, थरांची जाडी, गॅस आणि भूजल तपासणीचे अहवाल यांच्या प्रती मागा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा, ग्रामसभेत किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाताना उपयोगी पडतं. उताराच्या बाजूला विहीर असेल तर पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर. नमुना देताना शेजारी डेपो होता हे सांगा, म्हणजे जड धातूंचीही तपासणी करायला सांगता येईल.