प्रस्तावना: टेबलापासून खाटेपर्यंत

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत दोन विषय सहसा एकमेकांपासून लांब पडतात. शस्त्रक्रियागृहातले काम मेडिकल-सर्जिकल नर्सिंगच्या एका प्रकरणात येते, श्वसनाच्या रुग्णाची शुश्रूषा दुसऱ्या प्रकरणात. शिकवायला ही विभागणी सोयीची असली, तरी रुग्ण असा विभागलेला नसतो. टेबलावर ज्याचा श्वास भूलतज्ज्ञाने हाती घेतला, तोच माणूस थोड्या वेळाने रिकव्हरीत स्वतःचा श्वास घेऊ लागतो आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात टाके दुखतील या धास्तीने खोकायचे टाळतो. या तिन्ही ठिकाणी त्याच्याजवळ परिचारिका असते. म्हणूनच या पुस्तकात हे दोन विषय एका धाग्यात घेतले आहेत.

हा धागा जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली पुढे आणलेल्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीत स्पष्ट दिसतो. यादीत 19 मुद्दे आहेत आणि ती तीन ठिकाणी थांबायला सांगते: भूल देण्यापूर्वी, त्वचेवर छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी. विदर्भातल्या उटी गावातून अमेरिकेत गेलेल्या डॉक्टरांचे चिरंजीव, सर्जन अतुल गवांदे यांनी या कामाचे नेतृत्व केले. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली. 2009 च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले आणि मोठ्या गुंतागुंती 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर उतरल्या.

ही यादी पाठ करणाऱ्यांनी तिच्या पहिल्याच थांब्यावरचे प्रश्न नीट वाचावेत. पल्स ऑक्सिमीटर लावला आहे का आणि तो चालतो आहे का? श्वासमार्ग अवघड आहे का, पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका आहे का? म्हणजे सांघिक कामाच्या पहिल्याच टप्प्यात श्वासाची चौकशी होते. दुसऱ्या थांब्यावर प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे असते. एकदा सर्वांसमोर बोललेल्या माणसाला पुढे गरज पडल्यावर बोलणे सोपे जाते. तिसऱ्या थांब्यावर मॉप, सुया आणि उपकरणांचा काउंट पूर्ण झाल्याचे सिस्टर मोठ्याने सांगते. काउंट जुळत नसेल, तर टाके घालायची घाई कितीही असली तरी तिने तसे सांगायचे आणि सर्जनने थांबायचे. आधी जखमेत, मग जमिनीवर, कचऱ्याच्या बादलीत, चादरींच्या घड्यांत शोध घ्यायचा, तरीही सापडले नाही तर एक्स-रे काढायचा. हा अधिकार परिचारिकेला कामानेच दिलेला आहे.

जे वेळेवर दिसले ते वेळेवर आणि मोठ्याने सांगणे, हे या पुस्तकाचे सूत्र आहे. ते ओटीत लागते तेवढेच वॉर्डातही लागते. परीक्षेत वारंवार येणाऱ्या धर्तीचा एक प्रश्न पाहा. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन तासांनी रुग्ण गाढ झोपलेला आहे. वेदनेसाठी त्याला मॉर्फिन दिले आहे. मास्कने ऑक्सिजन चालू आहे, सॅचुरेशन 96 टक्के आहे, श्वासाची गती मिनिटाला 8 आहे. सर्वप्रथम काय कराल?

96 हा आकडा पाहून पुष्कळ विद्यार्थी नोंद करून पुढे जाण्याचा पर्याय निवडतात. पण ऑक्सिमीटर फक्त रक्तातला ऑक्सिजन सांगतो. श्वास मंदावला की कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर ही बिघाडाची सुरुवात यंत्रावर बराच वेळ उमटत नाही. ती छातीच्या हालचालीत दिसते, घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट मोजलेल्या श्वासांत दिसते. तेव्हा रुग्णाला हाक मारून, हलवून जागे करायचे, श्वास घ्यायला सांगायचे, मान नीट करून श्वासमार्ग मोकळा ठेवायचा आणि तिथेच उभे राहून मदत बोलवायची. मॉर्फिनचा पुढचा डोस थांबवायचा, नॅलॉक्सोन हाताशी ठेवायचे. डॉक्टरांना फोनवर ‘पेशंट बरा वाटत नाही’ एवढेच सांगून भागत नाही. कोण रुग्ण, कोणती शस्त्रक्रिया, किती वाजता कोणते औषध दिले, आत्ता श्वास किती आणि आपल्याला काय हवे आहे, हे चार वाक्यांत सांगता आले पाहिजे.

वॉर्डातल्या साध्या कामांनाही या पुस्तकात भरपूर जागा दिली आहे. तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर हातात दिला की बरेच रुग्ण त्यात जोराने फुंकतात. तो हवा आत ओढण्यासाठी असतो. भुलीने आणि निजून राहण्याने फुफ्फुसांचे तळाचे भाग मिटू लागतात. सावकाश खोल श्वास घेऊन तो क्षणभर धरला तरच ते पुन्हा उघडतात. त्यामुळे यंत्र उशाशी ठेवून निघून जाणे म्हणजे शिकवणे नव्हे. पाठ उचलून बसवावे, पोटाच्या टाक्यांवर उशी घट्ट धरायला सांगावे, वेदनाशामक लागू पडल्यावर खोकायला लावावे आणि त्याने ते करून दाखवेपर्यंत थांबावे. शक्य असेल तर हे सगळे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच शिकवावे, कारण तेव्हा दुखत नसते आणि लक्षही लागते.

सक्शन, ट्रेकिओस्टॉमी आणि छातीतली नळी या प्रकरणांत प्रत्येक नियमासोबत त्याचे कारण दिले आहे. श्वासाबरोबर नळीतले पाणी वरखाली होणे ही अपेक्षित गोष्ट आहे. पाण्याच्या बाटलीत सतत बुडबुडे येत राहिले तर हवा कुठून तरी गळते आहे का ते पाहावे लागते. बाटली छातीच्या पातळीखालीच का ठेवायची, हे ज्याला उमगले, त्याला प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी उत्तर सुचते.

विद्यापीठाची परीक्षा असो वा एम्सची नॉर्सेट, ‘सर्वप्रथम काय कराल’ या प्रश्नातून परीक्षक तुमचा प्राधान्यक्रम तपासत असतो. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, हा क्रम पक्का असू द्या. पण पर्याय निवडण्यापूर्वी प्रश्नातल्या रुग्णाकडे नीट पाहा. प्रत्येक प्रकरणानंतरचे प्रश्न तिघाचौघांनी मिळून सोडवावेत. एकाने भूलतज्ज्ञ व्हावे, एकाने सर्जन, एकाने ओटीतली सिस्टर किंवा ब्रदर, आणि उत्तर लिहिण्याआधी ते एकमेकांना बोलून दाखवावे. सुरुवातीला आवाज अडखळेल. सरावाने तो स्थिर होतो आणि ड्युटीवर तोच उपयोगी पडतो.

या क्षेत्रात तुमचे मनापासून स्वागत आहे. परीक्षेत उत्तम गुण मिळवा. आणि ज्या रुग्णाचा श्वास तुमच्या ड्युटीत चालू आहे, त्याच्यासाठी कोणाही वरिष्ठासमोर स्पष्ट बोलण्याइतका अभ्यास पक्का करा.