नेवाशाचा ग्रंथ, पैठणचा रिव्ह्यू

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे अर्धा दिवस दुसऱ्यांचा कोड वाचून त्यातल्या चुका शोधणारा माणूस. या रिव्ह्यूची शिस्तशीर पद्धत आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६ साली मांडली. प्रोग्रॅम चालवून बघायच्या आधी तीन-चार जणांनी तो ओळ न ओळ वाचायचा, दोष लिहून काढायचे, आणि ते खरंच दुरुस्त झाले का हे पुन्हा तपासायचं. (शेवटची पायरी सगळे विसरतात.) पण ओळ न ओळ वाचून दोष काढायचं एक मोठं काम आपल्याकडे त्याच्या जवळजवळ चारशे वर्षं आधी झालंय. आणि ज्या ग्रंथावर ते झालं, तो आपल्या नगर जिल्ह्यातला, आता अहिल्यानगर म्हणू, नेवाशाचा.

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. प्रवरेकाठी ज्ञानेश्वर सांगतायत आणि सच्चिदानंद बाबा लिहून घेतायत, अशी परंपरा आहे. ओव्या नऊ हजारांच्या आसपास. छापखाना नाही, त्यामुळे ज्याला ग्रंथ हवा त्याने बसून हाताने उतरवायचा. आता उतरवणारा दमतो. दोन ओव्यांची सुरुवात एकाच शब्दाने असेल तर डोळा वरच्यावरून खालच्यावर उडी मारतो आणि मधलं सगळं गायब. जुना शब्द कळला नाही की ओळखीचा घातला जातो. एखाद्याला वाटतं, आपलीही एक ओवी चिकटवू. आणि पुढचा माणूस याच प्रतीवरून नक्कल करतो! गिटच्या भाषेत सांगायचं तर सगळे फोर्क करतायत, मर्ज कुणीच करत नाही. असं जवळपास तीनशे वर्षं.

मग आले पैठणचे एकनाथ. शके १५०६, म्हणजे १५८४ साली, भाद्रपदात कपिलाषष्ठीला त्यांनी शुद्ध प्रत पुरी केली. ज्ञानेश्वरीच्या शेवटी त्यांच्या काही ओव्या आहेत, त्या जरूर वाचा. चक्क रिलीज नोट आहे. तारीख आहे, ठिकाण आहे, कारण आहे: मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठभेदांमुळे बिघडला, म्हणून शोधून शुद्ध केला. वर ताकीदही आहे. यापुढे यात जो आपली ओवी घालेल, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. आम्ही मेन ब्रँचला सेटिंगमधून कुलूप लावतो, नाथांनी एका ओवीत लावलं. आणि ते टिकलं. वारकरी आज पारायणाला जी ज्ञानेश्वरी घेऊन बसतात, ती याच परंपरेतली.

पण नाथांबद्दल पूर्ण आदर ठेवून माझी एक तक्रार आहे. नेमकं काय बदललं, ते या ओव्यांत नाही. किती प्रती समोर होत्या, कुठली ओवी काढली, कुठला शब्द का बदलला, काहीच नाही. डिफ नाही हो! याची किंमत कळली ३२५ वर्षांनी. १९०९ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्यांना मिळालेली ज्ञानेश्वरीची एक पोथी छापली. ती एकनाथांच्या आधीची आहे, भाषेची रूपं जास्त जुनी आहेत, असं त्यांचं म्हणणं. साहजिकच वाद झाला. दोन्हीकडे शब्द वेगळा दिसला की अर्थ काय लावायचा? नाथांनी नकलकाराची चूक काढली, की ज्ञानेश्वरांचाच जुना शब्द आपल्या काळातल्या वाचकासाठी सोपा केला? पहिलं बग फिक्स, दुसऱ्यात मूळच बदललं. नोंद नसेल तर दोन्ही अगदी सारखे दिसतात.

पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हातात घेतली, तिथली शिस्त बरोबर याच्या उलट. १९२५ पासून प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखटणकर, गडी केंब्रिजला गणित शिकलेला. संपूर्ण प्रकल्पात १,२५९ हस्तलिखितं वापरली गेली. पानावर वर स्वीकारलेला पाठ, खाली नाकारलेले पाठभेद, आणि कुठला भेद कुठल्या हस्तलिखितात तेही. जिथे खात्री नाही तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ. हो, आपल्या एडिटरमध्ये येते ना, तशीच! संपादक पटला नाही तर त्याच्याच तळटिपा घेऊन त्याच्याशी भांडता येतं.

मला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा. आदिपर्व १९३३ मध्ये पुरं झालं, आणि नंतर नेपाळहून एक जुनी पोथी हाती आली, जी संपादन करताना कुणी पाहिलीच नव्हती. म्हणजे आयता टेस्ट डेटा. सुखटणकरांनी स्वतःचे निर्णय तिच्याशी ताडून पाहिले आणि निकाल छापला. नंतरची भर म्हणून त्यांनी वगळलेले बरेच श्लोक त्या पोथीतही नव्हते.

ते १९४३ मध्ये गेले. काम १९६६ पर्यंत चाललं, आधी श्री. कृ. बेलवलकर आणि मग प. ल. वैद्य यांच्या हाताखाली. सुखटणकरांनी कुठला शब्द का घेतला, हे त्यांना विचारायला कुणी उरलं नव्हतं. ते पानाच्या तळाशी लिहिलेलं होतं.