बाभळीच्या खाली चूल नको

१९७२ च्या दुष्काळात आजी-आजोबा सोलापूरकडचं गाव सोडून विश्रांतवाडीला आले. गावच्या विहिरी आटलेल्या, दुष्काळी कामावर खडी फोडून आजीच्या हातांना घट्टे पडलेले. पुण्यातलं तिला ठाऊक होतं ते एवढंच, की आळंदीहून माउलींची पालखी दिघी, विश्रांतवाडी करत शहरात शिरते. वारीत ती त्या रस्त्यानं चालली होती. झोपडीपुरती जागा मिळाली ती मुळेच्या काठाला. पाण्यापायी गाव सुटलेल्या बाईला नदी जवळ असण्याचं केवढं अप्रूप वाटलं असेल!

आधीपासून राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी तिला पहिल्याच पावसाळ्यात बजावलं, "बाभळीच्या खाली चूल मांडू नको." १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला धरण फुटलं, मुठेच्या त्या लोंढ्यानं संगमावर मुळा तुंबली आणि उलटी त्या बाभळीपर्यंत वर चढली, असं ते सांगत. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर उभं राहिलं. दुष्काळानं उठवलेल्यांना मात्र आपली जागा आपणच शोधावी लागली, आणि कुणी हटकत नव्हतं ते नदी-नाल्यांचे काठच. बाभळीच्या वरची जागा भरली, तशी वस्ती खाली उतरत गेली.

आता नकाशावर निळी पूररेषा आहे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल आहे शंभर वर्षांतल्या पुराची. जुलै २०२४ मध्ये धरणांतून पाणी सोडलं, तेव्हा सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली आणि आमच्या बाजूच्या काठच्या घरांतही पाणी आलं. पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात डोक्यावर तापलेला पत्रा: तेच घर दोन्ही सोसतं.

शेजारच्या येरवड्यात केंद्राच्या नागरी गरिबांच्या घरकुल योजनेत वस्त्या आहेत तिथंच नव्यानं बांधल्या गेल्या. घरोघरची मोजणी महिला मिलन या संघटनेच्या बायकांनी केली. २७० चौरस फुटांचं घर, खर्चाचा दहावा हिस्सा कुटुंबाचा, आणि शेजार तोच. मला ही रीत फार मोलाची वाटते. अगदी पूररेषेतल्या घरांना ती जशीच्या तशी लागू पडणार नाही. त्यांना हलावंच लागेल. पण कुठं, हे ठरवताना त्या घरांतल्या बायकांना विचारायला हवं.

माझी मावशी अजून काठालाच राहते. हलायची तिची तयारी आहे. "चौथ्या मजल्यावर द्या, चढू," ती म्हणते, "पण चौकापासून चालत जाता येईल असं द्या. माझी धुण्याभांड्याची चारही घरं तिथंच आहेत."