बंबापासून गिझरपर्यंत

स्मरणिकेसाठी "सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा" असं कमिटीने सांगितलं. जमीन, बिल्डर, कन्व्हेयन्स यांवर इतरांनी लिहिलंच आहे. मी लिहितो आंघोळीच्या पाण्यावर.

माझं लहानपण पुण्यात, कसब्यातल्या वाड्यात गेलं. घरी तांब्याचा बंब होता, जवळच्याच तांबट आळीत घडवलेला. मधल्या नळीत बंबफोड आणि गोवऱ्या पेटवायच्या, भोवतीचं पाणी तापायचं. धुरामुळे बंब कायम मागच्या अंगणात. त्या धुराला आम्ही नावं ठेवली; पण तो दिसायचा, खोकला आणायचा, माणसाला सावध करायचा.

गॅस गिझरला तसा धूर नाही. त्याचा जन्म मात्र जुना. लंडनमध्ये रंगकाम करणाऱ्या बेंजामिन वॉडी मॉन यांनी 1868 मध्ये तो तयार केला आणि आइसलँडमधल्या उष्ण कारंज्यावरून त्याला नाव दिलं. पाणी झटपट तापे. पण जळलेला वायू बाहेर नेणारी नळीच त्याला नव्हती.

इथे राहायला आल्यावर आम्हीही गॅस गिझरच निवडला. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला सुमारे साडेदहा किलोवॉट लागतात. विजेचा साठवणीचा गिझर असतो 2-3 किलोवॉटचा. सकाळच्या घाईत गॅसच बरा, हा हिशेब बरोबर होता. पण एवढी आग हवाही तेवढीच खाते, हे डोक्यात आलंच नाही. गिझर बसवला थेट बाथरूममध्ये, आणि डास येतात म्हणून झरोक्याला प्लायवुड ठोकलं. 1868 ची उणीव आम्ही हौसेने घरात आणली!

एका जानेवारीत धाकटा आंघोळीला गेला. बादली भरून वाहत होती, हाकेला ओ नाही. शेजारच्या काकांनी धक्का मारून कडी तोडली. पोरगं फरशीवर पडलेलं. तसंच उचलून गॅलरीत आणलं, मग दवाखान्यात ऑक्सिजन. वाचला.

डॉक्टरांनी समजावलं: हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, म्हणून गळती कळते. याला ना रंग, ना वास.

पुढच्या वार्षिक सभेत मी उभा राहून सगळं सांगितलं. आपली चूक चारचौघांत सांगणं सोपं नव्हतं. पण ठराव झाला: गॅस गिझर फक्त ड्राय बाल्कनीत, गरम पाणी पाइपने आत. महिन्याभरात माझ्यासकट सगळ्यांचे गिझर बाथरूमबाहेर आले. पुढे पाइपचा गॅस आला, तेव्हा सिलिंडरवरचे गिझर तसेच जोडू नयेत, जेट वेगळे लागतात, हेही सभेतच सांगितलं गेलं.

हल्ली मात्र नूतनीकरणात ड्राय बाल्कनीला काचा लागू लागल्यात. दिसतं छान, पण गिझर पुन्हा कोंडला जातो. नव्या सभासदांना एवढंच सांगणं, काचा लावायच्याच असतील तर आधी गिझर हलवा. जुन्या बंबाने धूर दाखवला तरी; हा काहीच दाखवत नाही हो.