शिकागोत ‘डिस्को मेला’, पण हा डीजे थांबला नाही! फ्रँकी नकल्स यांनी हाऊस म्युझिक कसं घडवलं?

१२ जुलै १९७९. अमेरिकेतल्या शिकागो शहरातलं कॉमिस्की पार्क हे बेसबॉलचं मैदान खच्चून भरलं होतं. सोबत डिस्कोची एक रेकॉर्ड आणणाऱ्याला फक्त ९८ सेंटमध्ये प्रवेश होता. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत जमा झालेल्या रेकॉर्ड्सचा ढीग मैदानातच स्फोट करून उडवण्यात आला. पाठोपाठ हजारो प्रेक्षक मैदानात घुसले. ३९ जणांना अटक झाली. मैदानाची अशी अवस्था झाली की यजमान शिकागो व्हाइट सॉक्स संघाला दुसरा सामना न खेळताच गमवावा लागला.

‘डिस्को मेला ती रात्र’ अशी या घटनेची ओळख झाली. पण त्याच शहरात, मैदानापासून काही किलोमीटरवर, २४ वर्षांचा एक डीजे दर शनिवारी डिस्कोच वाजवत होता आणि लोक सकाळ उजाडेपर्यंत नाचत होते. त्यांचं नाव फ्रँकी नकल्स.

फुगे फुगवण्यापासून सुरुवात

नकल्स यांचा जन्म १८ जानेवारी १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. मूळ नाव फ्रान्सिस निकोल्स. शाळकरी वयापासूनचा त्यांचा मित्र म्हणजे लॅरी लेव्हान. हे दोघे कृष्णवर्णीय, समलिंगी तरुण न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये पडीक असायचे. ‘द गॅलरी’ या क्लबमध्ये सजावटीचे फुगे फुगवण्याचं कामही त्यांनी केलं. तिथला डीजे निकी सियानो कसा वाजवतो, हे त्यांना जवळून पाहता आलं. पुढे ‘काँटिनेंटल बाथ्स’मध्ये आधी लेव्हान आणि नंतर नकल्स डीजे झाले.

तेव्हाचा डीजे नेमकं काय करायचा?

आपल्याकडे मिरवणुकांमुळे ‘डीजे’ म्हटलं की स्पीकरची भिंतच डोळ्यासमोर येते. डिस्कोच्या काळात मात्र डीजे म्हणजे दोन टर्नटेबल, एक मिक्सर आणि रेकॉर्ड्सचे खोके घेऊन बसलेला माणूस. पहिलं गाणं संपत आलं की दुसऱ्याचा वेग त्याच्याशी जुळवायचा आणि ठेका तुटू न देता एकातून दुसऱ्यात जायचं. हे सगळं कानाने. कॉम्प्युटर नव्हता, स्क्रीनही नव्हती.

अडचण अशी होती की ७ इंची रेकॉर्डवरचं गाणं तीन-चार मिनिटांत संपायचं. त्यामुळे डीजे एकाच गाण्याच्या दोन प्रती घेऊन नाचायला सगळ्यात चांगला भाग आलटून पालटून वाजवायचे. १९७६ मध्ये ‘टेन पर्सेंट’ हे गाणं १२ इंची रेकॉर्डवर बाजारात आलं. डीजे वॉल्टर गिबन्स यांनी ते वाढवून जवळपास दहा मिनिटांचं केलं होतं. डीजे आता गाण्याची रचनाही बदलू लागले होते.

शिकागोचं बोलावणं

१९७७ मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी शिकागोत ‘द वेअरहाऊस’ हा क्लब सुरू केला. त्यांनी आधी लेव्हान यांना विचारलं. पण लेव्हान न्यूयॉर्क सोडायला तयार नव्हते. पुढे तिथल्या ‘पॅराडाइज गॅराज’ क्लबमुळे त्यांचं मोठं नाव झालं. लेव्हान यांनी नाकारलेली संधी नकल्स यांनी घेतली.

२०६ साऊथ जेफरसन स्ट्रीटवरच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत हा क्लब होता. येणारे बहुतेक जण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण. शहरातल्या इतर अनेक ठिकाणी त्यांना मोकळेपणाने नाचणं तर सोडाच, दारातून आत जाणंही अवघड होतं. इथे शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवारी उशिरापर्यंत चालायचा. मध्येच सगळे दिवे बंद करून नकल्स अंधारात धडधडत जाणाऱ्या रेल्वेचा आवाज लावायचे. क्षणभर गाडी अंगावरूनच जातेय असं वाटायचं.

डिस्कोवर एवढा राग का?

‘सॅटर्डे नाईट फीव्हर’ हा सिनेमा डिसेंबर १९७७ मध्ये आला आणि डिस्को घराघरात पोहोचला. रॉक वाजवणारी रेडिओ स्टेशन्सही डिस्कोकडे वळली. अशाच बदलात नोकरी गेलेल्या स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाने डिस्कोविरोधी मोहीम उघडली आणि ती कॉमिस्की पार्कपर्यंत गेली.

डिस्कोचा अतिरेक झाला होता, हे खरं. पण राग फक्त संगीतावर होता का? त्या दिवशी मैदानात व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय किशोर प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करत होता. लोकांनी आणलेल्या रेकॉर्ड्समध्ये अनेक डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्याच कृष्णवर्णीय कलाकारांच्या होत्या, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं. वर्णद्वेषाचा आरोप डाल यांनी कायम फेटाळला आहे.

गाणी आटली, मग पुढे काय?

या लाटेनंतर मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी डिस्कोतून हात काढून घेतला. नव्या रेकॉर्ड्स कमी झाल्या. क्लब तर दर आठवड्याला भरत होता. मग वाजवायचं काय?

नकल्स यांनी जुन्याच गाण्यांना हात घातला. ध्वनितंत्र शिकलेल्या इरास्मो रिव्हेरा या मित्राच्या मदतीने ते टेपवर गाणी कापून-जोडून नव्याने बांधू लागले. ठेक्याचा भाग लांबवायचा, नको ते कडवं काढायचं. पुढे ड्रम मशीन आलं. डेट्रॉइटचे डेरिक मे यांच्याकडून त्यांनी रोलँड कंपनीचं ‘टीआर-९०९’ विकत घेतलं आणि गाण्यांखाली यंत्राचा ठाशीव ठेका घातला.

वेअरहाऊसमध्ये ऐकलेली गाणी लोक रेकॉर्डच्या दुकानांत मागू लागले. ‘वेअरहाऊसमधलं संगीत’ म्हणता म्हणता उरलं फक्त ‘हाऊस’. या प्रकाराचं नाव असं पडलं, हे सर्वाधिक सांगितलं जाणारं स्पष्टीकरण.

१९८४ मध्ये आलेलं जेसी सॉन्डर्स यांचं ‘ऑन अँड ऑन’ ही पहिली हाऊस रेकॉर्ड मानली जाते. तिचा सहलेखक कोण? मैदानात जागा दाखवणारा तोच व्हिन्स लॉरेन्स!

पुढचा प्रवास

१९८२ च्या अखेरीस नकल्स वेअरहाऊसमधून बाहेर पडले आणि त्यांनी ‘पॉवर प्लांट’ हा स्वतःचा क्लब काढला. दशकाच्या शेवटी ते न्यूयॉर्कला परतले. चाका खान, मायकल जॅक्सन यांच्या गाण्यांचे रिमिक्स केले. १९९१ मध्ये त्यांचं ‘द व्हिसल साँग’ गाजलं. १९९८ मध्ये ग्रॅमीने रिमिक्स करणाऱ्यांसाठी पहिल्यांदाच पुरस्कार दिला, तो नकल्स यांना मिळाला. मित्र लॅरी लेव्हान मात्र १९९२ मध्येच, वयाच्या ३८ व्या वर्षी गेले होते.

२००४ मध्ये वेअरहाऊससमोरच्या रस्त्याला शिकागोने नकल्स यांचं नाव दिलं. मधुमेहामुळे एक पाऊल गमवावं लागलं, तरी ते वाजवत राहिले. ३१ मार्च २०१४ रोजी शिकागोत त्यांचं निधन झालं. त्यांच्या सुमारे ५,००० रेकॉर्ड्स शहरातल्या ‘स्टोनी आयलंड आर्ट्स बँक’मध्ये जपल्या आहेत.

नकल्स हाऊसला ‘डिस्कोने घेतलेला सूड’ म्हणायचे. ज्या शहराने रेकॉर्ड्स स्फोटात उडवल्या, त्याच शिकागोने २०२३ मध्ये वेअरहाऊसच्या इमारतीला वारसा स्थळाचा दर्जा दिला. कॉमिस्की पार्क मात्र आता उरलेलं नाही. ते १९९१ मध्ये पाडलं गेलं आणि तिथे आज गाड्या पार्क होतात.