ओलान्झापिन: गोळी कशी घ्यावी, काय जपावे आणि मनाने बंद का करू नये

तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कुणाला मानसोपचारतज्ज्ञांनी ओलान्झापिन नावाची गोळी लिहून दिली असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. औषध बहुतेक वेळा नंदुरबार, धुळे किंवा सुरतच्या तज्ज्ञांकडे सुरू होते. पण वर्षानुवर्षे ते घेतले जाते घरीच, आणि रोजच्या शंका येतात त्या ब्राह्मणपुरीसारख्या गावातल्या फॅमिली डॉक्टरकडे. त्याच शंकांची उत्तरे इथे दिली आहेत.

थोडक्यात महत्त्वाचे

- ही गोळी झोपेची नाही आणि तिची सवय लागत नाही.
- बरे वाटले म्हणून ती मनाने बंद करू नका. आजार उलटण्याचे हे सर्वात मोठे कारण आहे.
- या गोळीने वजन आणि रक्तातील साखर वाढू शकते. पहिल्या दिवसापासून वजन लिहून ठेवा.
- ताप, अंग कडक होणे आणि बरळणे ही लक्षणे एकत्र दिसली तर लगेच रुग्णालयात न्या.

हे औषध कशासाठी दिले जाते?

ओलान्झापिन हे अँटिसायकॉटिक गटातले औषध आहे. ते मुख्यतः दोन आजारांत वापरतात. पहिला स्किझोफ्रेनिया. यात कानात आवाज येतात, कुणीतरी आपल्यावर करणी केली आहे किंवा जेवणात विष घातले आहे असा पक्का संशय बसतो, माणूस एकटा राहू लागतो. दुसरा बायपोलर आजार. त्यातील उन्मादाच्या काळात माणूस रात्र-रात्र झोपत नाही, अखंड बोलतो, वाटेल तसा पैसा उडवतो.

कर्करोगाच्या केमोथेरपीनंतर होणारी उलटी थांबवण्यासाठीही हीच गोळी थोड्या दिवसांसाठी देतात. त्यामुळे एखाद्याच्या चिठ्ठीवर हे नाव दिसले म्हणजे त्याला मानसिक आजार आहे असा अर्थ काढू नका.

काम कसे करते आणि गुण कधी येतो?

मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांमार्फत निरोप देतात. डोपामिन हे त्यातले एक रसायन. त्याचे काम काही भागांत प्रमाणाबाहेर वाढले की भास आणि संशय निर्माण होतात. ओलान्झापिन डोपामिनचा आणि सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाचा निरोप काही अंशी अडवते.

झोप आणि अस्वस्थता काही दिवसांत सुधारते. आवाज आणि संशय कमी व्हायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. ‘आठ दिवस झाले, फरक नाही’ म्हणून डॉक्टर बदलू नका. औषधाला वेळ द्या.

गोळी कशी घ्यावी?

- बहुतेकांना दिवसातून एकदा, रात्री झोपताना घ्यायला सांगतात. जेवणाआधी किंवा नंतर घेतली तरी चालते.
- मोठ्या माणसात साधारण ५ ते १० मिलिग्रॅमपासून सुरुवात होते आणि दिवसाचा डोस सहसा २० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. वृद्धांमध्ये कमी डोस लागतो. तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेलाच ठेवा. शेजाऱ्याच्या डोसाशी तुलना नको.
- एखाद्या रात्री विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नका. नेहमीच्या वेळी एकच घ्या. सलग काही दिवस चुकले असतील तर डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा.
- कंपनी बदलली की पाकीट आणि गोळीचा रंग बदलतो. पाकिटावर ओलान्झापिन हे मूळ नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा वाचून खात्री करा.
- उपवास किंवा रोजा असला तरी गोळी चुकवू नका. रात्री पाण्याबरोबर घेता येते.

‘आता तर बरा आहे, मग गोळी कशाला?’

दवाखान्यात सर्वात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. यातली फसगत नीट समजून घ्या.

या औषधाचे शरीरातले प्रमाण साधारण ३० तासांत निम्मे होते. म्हणजे गोळी बंद केल्यावर आठवडाभरात ती शरीरातून जवळजवळ निघून जाते. पण आजार आठवड्याभरात परत येत नाही. तो काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी येतो. मधल्या काळात माणूस उलट जास्त तरतरीत दिसतो, कारण सुस्ती गेलेली असते आणि भूकही आटोक्यात येते. घरच्यांना वाटते, गोळी उगाचच चालू होती. मग लग्नसराईत किंवा ऐन हंगामात आजार उलटतो, आणि तो गोळी बंद केल्यामुळे उलटला हे कुणाच्या लक्षातही येत नाही. काहींना अचानक बंद केल्यावर झोप उडणे, मळमळ, घाम येणे असा त्रासही होतो.

बीपीची गोळी घेतल्याने बीपी ताब्यात राहते, तसेच हे आहे. आजार पहिल्यांदाच झाला असेल तर लक्षणे गेल्यावरही साधारण एक ते दोन वर्षे औषध चालू ठेवतात. आजार वारंवार उलटत असेल तर अनेक वर्षे घ्यावे लागते. थांबवायचे ठरले तरी तज्ज्ञ डोस हळूहळू, कित्येक आठवडे ते महिने घेऊन कमी करतात. ‘मला गोळी कमी करायची आहे’ हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. तो तुमचा हक्क आहे. फक्त न सांगता बंद करू नका.

आजार परत येतोय हे ओळखायचे कसे? पहिली खूण बहुतेकदा झोपेची असते. दोन-तीन रात्री झोप कमी झाली, एकट्याने पुटपुटणे सुरू झाले, अंघोळ टाळली, जुना संशय पुन्हा डोकावला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

वजन आणि साखर: इथे लक्ष ठेवायलाच हवे

ओलान्झापिनमुळे भूक खूप वाढते. पोट भरले आहे हे मनाला पटत नाही. वजनाबरोबर साखर आणि कोलेस्टेरॉलही वाढू शकते, आणि काहींना मधुमेह होतो. घरात मधुमेह असेल तर धोका जास्त. ‘अंग धरलं, म्हणजे औषध लागू पडलं’ असे समजू नका.

या तपासण्या गावाजवळच होऊ शकतात. त्यासाठी दर वेळी तज्ज्ञांकडे जाण्याची गरज नाही.

- सुरू करण्यापूर्वी: वजन, कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी, कोलेस्टेरॉलची तपासणी.
- पहिले सहा आठवडे: दर आठवड्याला वजन. एकाच काट्यावर करा आणि वहीत लिहा.
- तीन महिन्यांनी: वरच्या सगळ्या तपासण्या पुन्हा.
- त्यानंतर: वर्षातून किमान एकदा. वजन वाढत असेल किंवा घरात मधुमेह असेल तर लवकर.

सुरुवातीच्या वजनापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त वाढ झाली, म्हणजे ५० किलोच्या माणसाचे वजन अडीच किलोहून अधिक वाढले, तर डॉक्टरांना सांगा. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. गोड चहा, फरसाण, थंड पेये कमी करा. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी पोटभर खा. रोज अर्धा तास चाला. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर औषध बदलू शकतात किंवा जोडीला दुसरे देऊ शकतात. वजनाच्या भीतीने गोळी बंद करणे हा उपाय नाही.

इतर दुष्परिणाम

- सुस्ती: पहिल्या काही आठवड्यांत जास्त. सुस्ती असेपर्यंत मोटरसायकल आणि ट्रॅक्टर चालवू नका, कडबाकुट्टी यंत्रावर काम करू नका, विहिरीच्या काठावर जाऊ नका.
- उठताना चक्कर: आधी बसा, मग हळू उभे राहा.
- तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता: पाणी आणि भाजीपाला वाढवा. तीन दिवस शौचाला झाले नाही किंवा लघवी अडली तर दाखवा.
- हातपाय थरथरणे, बेचैनी, तोंडाच्या किंवा जिभेच्या आपोआप हालचाली: जुन्या औषधांच्या मानाने कमी होतात, पण दिसल्या तर लवकर सांगा.

बिडी, दारू आणि दुसरी औषधे

बिडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत हे औषध लवकर संपवते. म्हणून रोज बिड्या ओढणाऱ्याला डोस जास्त लागू शकतो. रुग्णालयात भरती असताना बिडी बंद असते आणि त्या हिशोबाने डोस बसतो. घरी येऊन बिडी सुरू झाली की औषध कमी पडते. उलट, कुणी बिडी सोडली तर तोच डोस जास्त होऊन गुंगी येऊ शकते. बिडी जरूर सोडा, पण डॉक्टरांना सांगून. तंबाखू किंवा गुटखा खाण्याने औषधावर असा परिणाम होत नाही. तोंडाच्या कर्करोगासाठी मात्र तो वाईटच.

महूची असो की देशी, दारूबरोबर ही गोळी घेतल्यास गुंगी वाढते आणि माणूस पडतो.

दुसऱ्या आजारासाठी दवाखान्यात गेलात तर ओलान्झापिन चालू असल्याचे आधी सांगा. लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गासाठी देतात ते सिप्रोफ्लॉक्सासिन याचे रक्तातले प्रमाण वाढवते. फिट्ससाठीचे कार्बामाझेपिन ते कमी करते. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड बरोबर दिल्यास अंग आखडण्याचा धोका वाढतो. बीपी आणि झोपेच्या औषधांनी चक्कर व गुंगी वाढू शकते.

ऊन आणि स्थलांतर

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. या गटातल्या औषधांमुळे शरीराला उष्णता नीट सोसत नाही, म्हणून उष्माघाताची शक्यता वाढते. दुपारचे शेतकाम टाळा, डोक्यावर उपरणे ठेवा, तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणार असाल तर निघण्यापूर्वी दोन-तीन महिन्यांची औषधे आणि चिठ्ठी बरोबर घ्या. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. औषध तुटते ते बहुतेक अशाच काळात.

गरोदरपण आणि म्हातारपण

दिवस गेल्याचे कळताच घाबरून गोळी बंद करू नका. आजार उलटला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ मिळून ठरवतील. गरोदरपणात साखर नक्की तपासा. बाळाला पाजत असाल तर तेही सांगा.

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये अशा औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. ‘आजोबा रात्री ओरडतात’ म्हणून दुसऱ्याची उरलेली गोळी त्यांना कधीही देऊ नका.

रुग्ण गोळी घेतच नसेल तर?

अनेक घरांत गोळी भाजीत किंवा चहात कालवून दिली जाते. घरच्यांची अगतिकता समजते. पण यात डोस नेमका जात नाही, दुसरा कुणी ते खाऊ शकतो, आणि जेवणात काहीतरी घालतात हा रुग्णाचा संशय आपणच खरा करून दाखवतो. एकदा विश्वास तुटला की पुढचा उपचार अवघड होतो. त्यापेक्षा डॉक्टरांशी बोला. जिभेवर विरघळणारी गोळी मिळते. काही इतर अँटिसायकॉटिक औषधांची दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनेही आहेत.

भगताकडे किंवा देवस्थानाला जायचे असेल तर जा, गोळी मात्र बरोबर न्या. ‘लग्न लावून दिलं की सुधारेल’ हा सल्ला मानू नका. लग्नाने हा आजार बरा होत नाही, आणि समोरच्या घरापासून लपवलेली गोळी लवकरच बंद पडते.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा न्यावे?

- जोराचा ताप, अंग लाकडासारखे कडक, घाम आणि बरळणे
- खूप तहान, वारंवार लघवी, उलट्या आणि ग्लानी (साखर फार वाढल्याची खूण)
- मान, जबडा किंवा डोळे एका बाजूला ओढले जाणे
- फिट येणे किंवा शुद्ध हरपणे
- तापाबरोबर अंगभर पुरळ
- एका पायाला सूज, अचानक दम लागणे
- एकदम जास्त गोळ्या खाल्ल्याचा संशय
- जीव देण्याची भाषा

अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि गोळ्यांचे पाकीट बरोबर न्या. घरातला साठा एरवीही कुलपात, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

मदत कुठे मिळेल?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये. त्यामुळे जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारावर सरकारी उपचार मिळू शकतात. आधी नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे दिवस विचारून घ्या, म्हणजे फेरी वाया जाणार नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार उपचार मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि त्याला साखळीने बांधून ठेवण्यास मनाई आहे.

पुढच्या भेटीला जाताना तीन गोष्टी बरोबर न्या: वजनाची वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि मनात साचलेले प्रश्न. चुकलेल्या गोळ्यांचा आकडाही खरा सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून तो लपवला, तर औषध लागू पडत नाही असे समजून डोस विनाकारण वाढवला जाईल.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषध सुरू, बंद किंवा कमी-जास्त करू नका.)